आंघोळ कोणी घालायची

भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत एकट्या बाईला क्वार्टर मिळत नसे. दोन एकट्या बायका मिळून मात्र एक कुटुंब धरलं जाई. हा नियम कोणी केला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्याच्यामुळे मला आयुष्यात काही वर्षं कुटुंब मिळालं, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही.

मी खाणीच्या पाळणाघरात होते. दगड फोडायला बसणाऱ्या बाया सकाळी पोरं माझ्याकडे टाकून जात आणि भोंगा वाजला की काळ्या हातांनी उचलून नेत. दारावरच्या पाटीवर माझा हुद्दा 'संचालिका' असा रंगवलेला होता. संचालन म्हणजे हजेरी लिहायची, दुधाची भुकटी कालवताना उभं राहायचं आणि आयाकडे बघत बसायचं. पोरांना धुणं, पुसणं, झोपवणं हे सगळं आयाचं. ती जवळच्याच खेड्यातली, माझ्यापेक्षा वयानं मोठी होती. तिच्या मते मी पाळणाघरातली सगळ्यात मोठी पोर होते. फक्त मला धुवायची तिला परवानगी नव्हती.

खाणीत माणसाचं गाव विचारलं की काम कळे, आणि काम विचारलं की गाव. सुरुंग लावणारे तेलुगू. ट्रक चालवणारे पंजाबी. दगड फोडून काळा माल वेगळा काढणाऱ्या बाया बिलासपूरकडच्या, काही इथल्याच आजूबाजूच्या. डॉक्टर बंगाली. कारकुनी आमची, मराठी लोकांची. छप्पन साली प्रांत नव्यानं कापले गेले, नागपूर तिकडे गेलं, बालाघाट इकडे राहिलं, आणि आमचे कारकून खुर्चीवरून न उठता परप्रांतीय झाले. मी त्यानंतर आले, तुमसरकडून. बालाघाटहून छोटी गाडी धरून गोंदियाला उतरलं की माझं गाव अर्ध्या दिवसावर. तरी तिथले लोक मला 'परराज्यात असते' म्हणत आणि इथले 'महाराष्ट्रवाली'.

गावावरून काम ठरावं असा काही कायदा नव्हता. पहिला एक तेलुगू आला असेल, त्यानं मेव्हण्याला बोलावलं असेल, मेव्हण्यानं गावाला. पुढे साहेबालाच वाटायला लागलं की सुरुंगाची अक्कल तेलुगू रक्तातच असते. कारकुनीची आमच्या रक्तात आहे, हे आम्हीही मान्य करून टाकलं होतं. आमचा काळा दगड जहाजात बसून जपानला, जर्मनीला जाई आणि तिथल्या पोलादात पडे. तो फोडणाऱ्या बायांनी बालाघाटचं स्टेशन सोडून पुढचं काही पाहिलेलं नव्हतं.

आणि नर्स केरळची. खाणीच्या दवाखान्यातली नर्सची जागा म्हणजे केरळमधल्या एका खेड्याची पाटीलकीच होती. माझ्या क्वार्टरमध्ये जी आली तिच्या आधी त्या जागेवर तिची मावसबहीण होती. मावसबहीण जर्मनीला गेली आणि ही तिच्या जागी आली. पत्र्याची ट्रंक, काळी छत्री आणि खोबरेल तेलाच्या बाटल्या. खाणीत सगळे तिला सिस्टर म्हणत. मावसबहिणीलाही सिस्टरच म्हणत. ती मला 'चेची' म्हणू लागली, म्हणजे ताई. मी तिच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी असेन.

तिची हिंदी लहान पोराला द्यायच्या औषधाच्या डोसासारखी होती: थोडी, पण पुरेशी. पुरुष, बायका, गाई, सायकली सगळ्यांना ती एकाच लिंगात बसवी. बाजारात तिला तिच्या गावाकडचा उकडा तांदूळ दिसला त्या दिवशी ती पिशवी छातीशी धरून घरी आली. हिवाळ्यात तिचं तेल गोठे. मग बाटली मागच्या अंगणात उन्हात ठेवायची आणि ती पातळ होईपर्यंत आम्ही दोघी तिच्या शेजारी बसायचो, जणू तिला सोबत हवी. रविवारी ती बालाघाटच्या चर्चला जाई. मी वाचनालयातलं पुस्तक घेऊन खाटेवर पडे. संध्याकाळी ती आपल्या भाषेत प्रार्थना म्हणे आणि मी भात लावी. फार बोलत नसू. दुसऱ्या खोलीत कोणीतरी ट्रंकेचं झाकण लावतंय, हे ऐकू येणं पुरे असतं. ते ऐकू येत नाही तेव्हा ते कळतं.

एका हिवाळ्याच्या तोंडाला परदेशी गिऱ्हाइकांचं मंडळ खाण बघायला यायचं ठरलं. खाणीला रंग लागला. आंब्याच्या पानांच्या कमानी उभ्या राहिल्या. पाळणाघरात नवे पाळणे आले; पोरांनी जन्मात पाळणा पाहिला नव्हता, ती जमिनीवर गोणपाटावर झोपणारी. पाहुणे आत आले तेव्हा सगळ्या पाळण्यांतून एकदम आकांत चालला होता. मॅनेजरसाहेबांनी हसत सांगितलं की हे आमच्या संपूर्ण भारताचं छोटं रूप आहे, इथे प्रत्येक प्रांताचं मूल आहे. पाहुण्यांनी मान हलवली. आवाजावरून त्यांना ते पटलं असावं. सिस्टरला पांढऱ्या कडक गणवेशात दारात उभं केलं होतं. एका पाहुण्यानं तिच्याकडे बघून म्हटलं की त्याच्या शहरातल्या दवाखान्यातही अशाच मुली आहेत, फार चांगल्या. साहेबांना तो खाणीचा गौरव वाटला.

त्याच आठवड्यात भात वाढताना सिस्टर मला म्हणाली, "चेची, मैं भी जाएगा."

मावसबहिणीनं तिथं बोलणं केलं होतं. जागा होती. घरी हिच्या मागे तीन बहिणी होत्या. इथून सोडायला डॉक्टर तयार होते, फक्त जागा रिकामी राहू नये एवढीच त्यांची अट. आणि तीही अडचण नव्हती, कारण गावाकडे एक चुलतबहीण नुकतीच नर्सिंग शिकून बसली होती. भरवेली हे त्या गावच्या मुलींचं मधलं स्टेशन झालं होतं. इथे गाडी बदलायची. हे मला आधीच दिसायला हवं होतं. पण आपल्या घराला कोणी स्टेशन म्हणत नाही.

मी म्हटलं, "चांगलं झालं." आणि आमटी वाढली.

ती मात्र खूश दिसत नव्हती. दोन दिवसांनी कळलं का ते. मावसबहिणीनं कळवलं होतं की तिथे नर्सलाच पेशंटला आंघोळ घालावी लागते. पुसायचं, नखं कापायची, केस विंचरायचे, मलमूत्राचं भांडंही स्वतःच धुवायचं. आणि पेशंट म्हणजे बहुतेक म्हातारे. आमच्या दवाखान्यात सिस्टर म्हणजे डॉक्टरच्या खालोखाल. ती इंजेक्शन देई, टाके घाली, बाळंतपण करी; पण पाण्याची बादली उचलली तर दवाखान्यातली आयाच हातातून काढून घेई. शिकताना तिनं हे सगळं केलेलं, पण हात सुटला होता, आणि मनातूनही ते काम कधीच उतरून गेलं होतं.

ही बातमी पाळणाघरात पोचली तेव्हा आमची आया पोरांचे कपडे पिळत होती. ती थांबली.

"म्हणजे तिथं जाऊन सिस्टर आया होणार?"

"नर्सच होणार. तिकडे नर्सच ते करते."

"आंग कोण धुते मंग?"

"नर्स."

"भांडं?"

"तेही."

"मंग आयाच झाली ना, बाई." तिनं कपडा पुन्हा पिळला. "येवढं पाण्यातून कशाले जाते? मलेच पाठवा म्हणा. मले तं आंघोळ घालता येते. अन् पगार बी मी कमी घेईन."

सिस्टरला मी हे सांगितलं तेव्हा ती खूप हसली. रात्री मात्र तिनं भात तसाच ठेवला.

पुढच्या रविवारी ती चर्चहून लवकर आली. बादलीत ऊन पाणी, दोन घमेली, एक जुनं लुगडं फाडून केलेले तुकडे असा सगळा पसारा तिनं माझ्या खाटेजवळ मांडला, दार लावलं आणि म्हणाली, "चेची, आप लेटो. आप पेशंट है."

"मला काय झालंय?"

"कुछ भी. हड्डी टूटा है. हिलना नहीं."

सराव करायचा तर अंग लागतं, आणि तिच्या ओळखीचं अंग भरवेलीत माझंच होतं. मी पुस्तक बाजूला ठेवून आडवी झाले. तिनं माझ्यावर चादर टाकली, एक हात बाहेर काढला आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे तळव्यावर खोबरेल ओतलं.

"तिकडे तेल लावतात?" मी विचारलं.

ती थबकली. तेलाचा हात तसाच वर. "बिना तेल के कैसा नहलाएगा?"

हे मलाही पटलं. आमच्याकडे जवसाचं लावतात, तिच्याकडे खोबऱ्याचं. पण तेलाशिवाय आंघोळ म्हणजे नुसतं भिजणं, यावर आमचं दुमत नव्हतं. मी इंग्रजी पुस्तकं वाचणारी आणि ती इंग्रजीत औषधं वाचणारी, अशा दोघींनी मिळून त्या दुपारी जर्मन माणसाची आंघोळ ठरवून टाकली. आधी तेल, मग बेसन, मग ऊन पाणी. शेवटी तान्ह्या पोरासारखी राखेनं टाळू चोळावी का यावर थोडा विचार झाला आणि म्हातारा माणूस असल्यामुळे नको असं ठरलं. ट्रंकेत तेलाच्या किती बाटल्या मावतील याचा अंदाजही घेऊन ठेवला.

"पाणी फार ऊन आहे," मी म्हटलं.

"पेशंट बात नहीं करता."

"तिकडच्या पेशंटला तोंड नसतं काय?"

"होता है. पर वो जर्मन में बोलता है. मुझको समझेगा नहीं, तो मुझको लगेगा सब ठीक है."

मी हात तिच्या ताब्यात दिला. तिनं माझा हात खांद्यापासून बोटांपर्यंत पुसला, प्रत्येक बोट वेगळं, कोरडं केलं आणि चादरीखाली परत ठेवला, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा. मग दुसरा. मग पाय. मग मला कुशीवर वळवून पाठ. आई गेल्यापासून माझ्या पाठीला कोणाचा हात लागलेला नव्हता. लग्न झालं नाही. झालं असतं तरी आमच्याकडे नवऱ्यानं बायकोची पाठ चोळल्याचं मी ऐकलेलं नाही. पाठ ही एक अशी जागा आहे की ती आपली असून आपल्याला कधी भेटत नाही. मी तोंड भिंतीकडे केलेलं होतं, ते बरं होतं.

त्या हिवाळ्यातले बरेच रविवार असे गेले. कधी माझी हाडं मोडलेली असत, कधी मी बेशुद्ध असे, एकदा तर मी ऐंशी वर्षांची आणि चिडखोर होते. ते सोंग मला चांगलं वठलं असं ती म्हणाली. तिचा हात बसत गेला. आधी पाणी खाटेवर सांडे, गादी भिजे. मग एक थेंब सांडेना. माझे केस ती धुई आणि उन्हात बसवून विंचरी. मी आठवडाभर रविवारची वाट बघू लागले होते, आणि हेही मला दिसत होतं की प्रत्येक रविवारी ती जास्त तरबेज होतेय आणि जितकी तरबेज होतेय तितकी जायच्या जवळ येतेय. तिला पोचवायचं काम माझीच पाठ करत होती.

राहा, असं मी म्हटलं नाही. एकदा ती केस विंचरता विंचरता म्हणाली, "चेची, इधर भी अच्छा है." वाक्य अर्धं होतं. त्याला पुढचा अर्धा भाग माझ्याकडून हवा होता, हे मला समजलं. तीन बहिणींच्या आड येऊन तिला 'राहा' म्हणायला मी तिची कोण? खाणीच्या नियमाप्रमाणे कुटुंब. पण तो नियम क्वार्टरपुरता. मी म्हटलं, "इथे उन्हाळा फार आहे. तिकडे बरं राहील." ती पुन्हा विंचरू लागली. गुंता नव्हता तरी विंचरत होती.

चुलतबहीण आली. तिचीही तशीच ट्रंक, तसलीच छत्री, त्याच बाटल्या. दोघी बहिणी आठवडाभर एका खोलीत झोपल्या आणि आपल्या भाषेत बोलत राहिल्या. मी भात जास्त लावला.

निरोपाचा समारंभ दवाखान्यासमोर झाला. कमान मागच्या समारंभाचीच होती. पानं तेवढी बदलली. मॅनेजरसाहेबांनी 'मद्रास की यह बेटी' विदेशात देशाचं नाव उज्ज्वल करणार असं सांगितलं. बेटी केरळची होती, पण नकाशाकडे बघितलं तर साहेब फार चुकले नव्हते. माझ्या मागे उभी असलेली आया पुटपुटली, "नाव नाही उजळाचं तिले. आंग उजळाचं आहे." मग खाणीतर्फे भेट दिली गेली: सागवानी पाटावर बसवलेला, घासून चकचकीत केलेला मँगनीजचा दगड. चांगला दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा. टाळ्या झाल्या. सिस्टरनं तो पोटाशी धरला आणि गणवेशावर काळा डाग पडला.

क्वार्टरवर आल्यावर तिनं तो माझ्या खिडकीत ठेवला. "चेची, ये आप रखो. ये तो अपना टिकट से जाता है."

बालाघाटच्या स्टेशनावर सकाळची छोटी गाडी होती. डबे लहान, दारं लहान, ट्रंक आडवी करून आत घ्यावी लागली. गाडी हलायच्या आधी तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या पदराचं टोक कोरडं आहे का बघावं तसं बोटांत धरून बघितलं आणि सोडलं. गाडी इतकी हळू जाते की निरोप द्यायला फार वेळ मिळतो. तो वेळ कशानं भरायचा ते कोणी शिकवत नाही.

कागदावर माझं कुटुंब एक दिवसही मोडलं नाही. क्वार्टर राहिलं. नव्या मुलीलाही सगळे सिस्टरच म्हणाले. सुरुंगवाल्यांपैकी एकानं तिला पट्टी बांधून घेताना विचारलं म्हणे, "सिस्टर, आप दुबली हो गई क्या?" आणि तिनं हो म्हटलं. तीही मला चेची म्हणू लागली. तीही संध्याकाळी प्रार्थना म्हणे, त्याच चालीत. डोळे मिटले तर काहीच बदललं नव्हतं. म्हणून मी मिटत नसे.

पावसाळ्यात मला हिवताप आला. बालाघाटात तो येतोच. आला नाही तर लोक विचारपूस करतात. नव्या सिस्टरनं मन लावून औषध केलं. तापात अंग पुसायची वेळ आली तेव्हा तिनं पाणी तापवलं, पुसायला कपडा काढला आणि दारात जाऊन आमच्या पाळणाघराच्या आयाला हाक मारली. मी तिच्याकडे बघत असेन, कारण ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "चेची, ये आया का काम है."

तिचं बरोबर होतं. आयानं मला पाळणाघरातल्या पोरासारखं खसाखसा पुसलं. "डोळे मिटा बाई, पाणी जाईन." पाणी ऊन होतं, कपडा स्वच्छ होता. त्या आंघोळीत काही कमी होतं असं मला कोणाला दाखवता आलं नसतं.

जर्मनीहून चुलतबहिणीकडे खबर आली ती अशी: सिस्टर बरी आहे, थंडी फार आहे, आणि पहिल्याच म्हातारीला तिनं तेल लावलं तेव्हा म्हातारी किंचाळली. वॉर्डभर माणसं धावली. तेव्हापासून ती तेल स्वतःच्याच केसांना लावते. नवी सिस्टर हे सांगताना हसत होती. मीही हसले. बेसनाचं काय झालं ते तिला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही.

तापातून उठून पाळणाघरात गेले त्या आठवड्यात एका सकाळी आया चुलीपाशी होती आणि एक पोर शेणात लोळून आलं होतं. मी त्याला उचललं, मोरीवर नेलं आणि धुवायला बसले. दुसऱ्या दिवशी दुसरं. तिसऱ्या दिवशी आया कमरेवर हात ठेवून मोरीच्या दारात उभी राहिली.

"बाई, हे काय करून राह्यल्या?"

"आंघोळ घालते."

"ते दिसून राह्यलं मले. पण काहून?"

मी म्हटलं, शेणात लोळला होता.

"आज नाही लोळला. मी पाह्यलं." ती आत आली आणि पोर माझ्या हातातून काढून घेतलं. "तुमचं काम नावं लिहाचं. आंघोळ मायं काम. उद्या साहेब पाह्यन तं म्हणन, बाईच धुते तं आया कशाले पाहिजे? मंग मी कुठं जाऊ, जर्मनीले?"

तिचं काम काढून घेतल्याशिवाय मला हात लावायला काही उरत नव्हतं, एवढं खरं. मी हात पुसले, खुर्चीवर बसले आणि नावं लिहिली. ती पोराला टॉवेलात गुंडाळत माझ्याकडे मधून मधून बघत होती.

"सिस्टर गेली तवापासून तुमी आपले हातच पाह्यत बसता," ती म्हणाली.

"काहीतरीच."

"हौ, काहीतरीच." तिनं पोर चटईवर ठेवलं. मग पुन्हा बोलली, या वेळी पाठमोरी. "बाजाराच्या दिवशी मी दुपारी बालाघाटले जातो. त्या दिवशी तुमी घाला. पण दार लावून घ्या. साहेबानं पाह्यलं तं मी सांगन, मले मालूम नाही."

तेव्हापासून बाजाराच्या दुपारी मी दार लावून घेऊ लागले. नव्या सिस्टरकडून वाटीभर खोबरेल मागून आणत असे; ती कशाला म्हणून विचारत नसे. आधी तेल, मग बेसन, मग ऊन पाणी. पोरं रडत, निसटत, तेलकट हातांनी माझे केस ओढत. त्यांना माझी सवय नव्हती. शेवटचं पोर मी पुसायला घेई आणि ते कोरडं झालं तरी जरा वेळ पुसत राही.